अग्निबाणाच्या माथ्यावरील अंडें



भायखळ्याच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळीं अंडीं घेऊन जाणारा सायकलवाला पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या मागच्या कॅरिअरवर कागदी लगद्याचे खळगेदार ट्रे एकावर एक रचलेले असतात, आणि शेंकडों अंडीं दुकानोदुकानीं पोंचविण्याची जोखीम त्यानें एकट्यानें पत्करलेली असते. रस्त्यांत खड्डे असतात, मोटारींची रेटारेटी असते, पुलाचा चढउतार असतो. तरीही त्याचा धंदा चालतो, याचाच अर्थ असा कीं बहुतेक अंडीं धड पोंचतात. हें कसें साधतें, असें त्याला कोणी विचारलें तर तो नुसता हंसेल. कारण त्याचें ज्ञान पुस्तकांतलें नव्हे, हातांतलें आहे. परंतु लक्षपूर्वक पाहिलें तर त्याच्या वागण्यांत तीन नियम आढळतात. प्रत्येक अंड्याला अंगाबरोबर बसेल अशी स्वतंत्र बैठक असते, हा पहिला. सगळे ट्रे आवळून बांधलेले असल्यामुळें कोणतेंही अंडें आपल्या जागीं खडखडत नाहीं, हा दुसरा. आणि खड्डा आल्यावर नव्हे, तर खड्डा येण्यापूर्वींच तो आपला वेग कमी करतो, हा तिसरा.

हेंच अंडें सायकलीऐवजीं अग्निबाणाच्या माथ्यावर ठेवून आठशें फूट उंच पाठवावयाचें आणि न तडकतां जमिनीवर परत आणावयाचें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. ऐकणाऱ्यास ही प्रथम थट्टा वाटेल. पण ही थट्टा नसून जगांतील हजारों विद्यार्थी दरवर्षीं मन लावून करीत असलेला एक अभ्यास आहे. आणि त्या अभ्यासाच्या दुसऱ्या टोकाला अंड्याच्या जागीं जिवंत माणूस बसलेला आहे.

दिवाळींतला बाण सर्वांच्या परिचयाचा आहे. बाटलींत उभा केला, वात पेटविली, कीं तो सूं करीत आकाशांत जातो, फुटतो, आणि त्याची जळकी काडी कोणाच्या तरी कौलावर पडते. वर जाणें एवढेंच त्याचें काम. परत येणें हें त्याच्या कर्मांत लिहिलेलें नाहीं. प्रतिकृति-अग्निबाण याहून सर्वस्वी निराळा असतो. त्याचें शरीर पुठ्ठ्याच्या हलक्या नळीचें, पंख पातळ लाकडाचे आणि टोक प्लास्टिकचें किंवा लाकडाचें असतें. त्यांत बसवावयाचें इंजिन कारखान्यांत तयार झालेलें, ठरीव जोराचें आणि ठरीव वेळ जळणारें असतें. वात हातानें पेटवीत नाहींत. लांब उभें राहून विजेच्या तारेनें पेटवितात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो अग्निबाण परत यावा, दुरुस्त करून पुन्हां उडवितां यावा, अशाच बेतानें घडविलेला असतो.

अमेरिकेंत २००३ सालापासून शाळकरी मुलांची एक मोठी स्पर्धा दरवर्षीं भरते. पहिल्या वर्षीं तिचा पण असा होता कीं, दोन कच्चीं अंडीं पंधराशें फूट उंचीपर्यंत न्यावींत आणि सुखरूप परत आणावींत. पुढील वर्षीं उंची आणि अटी बदलत गेल्या, पण अंडें मात्र कायम राहिलें. या स्पर्धेचे नियम मोठे मार्मिक आहेत. जो सर्वांत उंच जाईल तो पहिला, असें तेथें नाहीं. उंची आधींच ठरवून दिलेली असते, आणि हवेंत राहावयाचा वेळही सेकंदांत ठरवून दिलेला असतो. अग्निबाण ठरलेल्या उंचीहून जितके फूट खालीं राहील तितके गुण दंडाचे. आणि जितके फूट वर जाईल तितकेही दंडाचेच. वेळेचाही हिशेब असाच. हें सर्व साधलें आणि अंड्याला केंसाएवढी चीर गेली, तर तें उड्डाणच बाद. आकाशक्रीडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेंही अशा नाजूक भाराच्या उड्डाणाचा एक स्वतंत्र वर्ग ठेविला आहे. आपल्या देशांतही हें वारें आतां पोंचलें आहे. २०२५च्या ऑक्टोबर महिन्यांत उत्तर प्रदेशांतील कुशीनगर जिल्ह्यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची जी स्पर्धा झाली, तींत अंड्याऐवजीं डब्याएवढें छोटें उपकरण अग्निबाणानें वर न्यावयाचें आणि छत्रीनें उतरवावयाचें, असा पण होता.

परीक्षेला अंडेंच कां निवडलें असावें? कारण तें स्वस्त आहे, सर्वत्र मिळतें, आणि वजनाला साधारण एकसारखें असतें. परंतु खरें कारण असें कीं, अंड्यासारखा प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाहीं. यंत्राच्या आंतील एखादा सांधा सैल झाला तर तो आठ दिवस कळत नाहीं. अंडें मात्र त्याच क्षणीं आणि सर्वांच्या देखत आपली जबानी देऊन मोकळें होतें.

आपल्या देशाचा विचार केला तर अग्निबाणावर नाजूक ओझें चढविण्याची कल्पना अमेरिकेंतील या स्पर्धेहून पुष्कळच जुनी आहे. पूर्वीं म्हैसूरच्या आणि मराठ्यांच्या फौजांत बाणदार असत, हें इतिहासाच्या वाचकांस ठाऊक आहेच. पण त्या बाणांच्या माथ्यावर केवळ नाश असे. माथ्यावर जपून न्यावयाची वस्तु ठेवण्याचा नाद लागला तो कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथ यांस. हे गृहस्थ १८९१ सालीं शिलाँग येथें जन्मले. धंद्यानें दंतवैद्य, आणि पुढें विमान-टपालाच्या छंदापायीं त्या विषयाच्या मंडळाचे चिटणीस झाले. १९३४च्या सप्टेंबर महिन्यांत त्यांनीं एका जहाजावरून सागर बेटाकडे टपालाचा अग्निबाण सोडला. तो हवेंतच फुटला आणि पत्रें विखुरलीं. दुसरा कोणी असता तर तेथेंच थांबला असता. स्मिथ थांबले नाहींत. कलकत्त्याच्या ओरिएंटल फायरवर्क्स या दारूकामाच्या कारखान्याकडून ते एकामागून एक अग्निबाण करवून घेत राहिले, आणि १९४४ सालापर्यंत त्यांनीं अशीं सुमारें २७० उड्डाणें केलीं.

१९३५च्या मे महिन्याच्या अखेरीस क्वेट्ट्याचा भयंकर भूकंप झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत स्मिथ यांनीं बंगालमधील रूपनारायण नदीवरून धान्य, मसाले इत्यादि जिन्नस अग्निबाणानें पैलतीरीं पाठवून दाखविले. पूल कोसळले, रस्ते उखडले, तरी संकटांत सांपडलेल्या माणसांपर्यंत अन्न आणि औषध जाऊं शकेल, हें त्यांना सिद्ध करावयाचें होतें. आणि त्याच वर्षीं २९ जून रोजीं त्यांनीं दामोदर नदीवरून एक कोंबडा आणि एक कोंबडी अग्निबाणांत बसवून पार केलीं. त्यांचीं नांवें ठेविलीं होतीं ॲडम आणि ईव्ह. दोन्ही पक्षी जिवंत उतरले. आज स्पर्धेंत मुलें अंडें पाठवितात; स्मिथ यांनीं सबंध कोंबडीच पाठविली होती! भारत सरकारनें १९९२ सालीं त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें, हें उचितच झालें. त्यांचा छंद पुष्कळांना त्या काळीं वेड वाटला असेल, पण त्यामागील प्रश्न वेडाचा नव्हता. औषधाची बाटली नदीपार फेंकणें सोपें आहे; ती न फुटतां पोंचविणें, हेंच अवघड आहे.

आतां फुटणें म्हणजे काय, याचा थोडा विचार करूं. सर्वसाधारण समजूत अशी कीं, वस्तु उंचावरून पडली म्हणून फुटते, किंवा फार वेगांत होती म्हणून फुटते. ही समजूत अर्धीच खरी आहे. विमानांतून ताशीं आठशें किलोमीटर वेगानें जाणाऱ्या प्रवाशाच्या समोर ठेवलेला चहाचा पेला फुटत नाहीं. इतकेंच नव्हे, तर त्यांतला चहाही सांडत नाहीं. वेग घातक नाहीं. वेग एकाएकीं बदलणें घातक आहे. तोच बदल सावकाश झाला तर अंडें सुखरूप राहतें, आणि क्षणार्धांत झाला तर त्याचा चुराडा होतो. थांबावयाला किती वेळ मिळाला आणि किती अंतर मिळालें, यावर सारें अवलंबून आहे.

एक उदाहरण घेऊं. भायखळ्यांतील एखाद्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीची उंची सुमारें दहा मीटर धरूं. तेथून सुटलेलें अंडें तळाशीं पोंचतें तेव्हां त्याचा वेग ताशीं पन्नास किलोमीटरच्या आसपास असतो. खालीं दगडी फरशी असली आणि त्याला एका मिलिमीटरांत थांबावें लागलें, तर त्यावर येणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहा हजारपट होईल. तेंच पांच सेंटिमीटर दबणाऱ्या मऊ गादीवर पडलें, तर हा जोर दोनशेंपटींवर येतो. अंडें तेंच, उंची तीच, वेगही तोच. अंतर पन्नासपट वाढलें म्हणून जोर पन्नास हिश्शांनीं उतरला. गवतांत भरलेल्या रत्नागिरीच्या आंब्यांची पेटी, कापसांत ठेविलेलें घड्याळ, आणि घागरीखालीं घेतलेली चुंबळ, या सर्वांच्या मुळाशीं हेंच गणित आहे. चुंबळीचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती घागरीचा भार एका बिंदूवर येऊं न देतां डोक्यावर चहूंकडे पसरते. अंड्याच्या बाबतींत हें फार महत्त्वाचें. कारण त्याचें कवच जाडीला मिलिमीटरच्या एकतृतीयांशाइतकेंच असलें तरी त्याचा आकार कमानीचा आहे. सर्व बाजूंनीं सारखा दाब आला तर तें आश्चर्यकारक भार सोसतें. आणि सुईच्या अग्राएवढ्या जागीं टोंचा बसला तर लगेच हार खातें.

अग्निबाणाच्या प्रवासांत अंड्यावर तीन वेळां संकट येतें. पहिलें उड्डाणाच्या क्षणीं. इंजिन पेटतांच अग्निबाण स्थिर अवस्थेंतून एकदम धांव घेतो आणि त्या एक-दोन सेकंदांत अंड्याला आपलें वजन दहापट झाल्यासारखें भासतें. हें संकट मोठें वाटलें तरी तितकें अवघड नाहीं. कारण जोराची दिशा आधींपासून ठाऊक असते. अंडें उभें, म्हणजे त्याचा लांबट अक्ष अग्निबाणाच्या दिशेंत येईल असें, बसविलें आणि त्याच्या खालीं अंगाबरोबर बसेल असा फोमचा पेला ठेविला, म्हणजे दहापट भार तें सहज सोसतें. येथें एक लाभही होतो. अंड्याचें ओझें अग्निबाणाच्या माथ्याकडे असल्यामुळें त्याचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि पंख मागें राहिल्यानें तो सरळ रेषेंत जातो. मात्र ओझें जड आणि इंजिन दुबळें असलें, तर आधाराची काठी सोडतांना अग्निबाणाला पुरेसा वेग आलेला नसतो. मग तो वाऱ्याच्या बाजूला मान वळवून तिरपा धांवतो, आणि पुढील सारा हिशेब चुकतो.

दुसरें संकट प्रवासाच्या माथ्यावर येतें, आणि अनुभवी स्पर्धक त्यालाच सर्वांत अधिक भितात. इंजिन विझल्यावरही अग्निबाण आपल्या वेगानें कांहीं सेकंद वर जात राहतो, मंदावतो आणि शेवटीं क्षणभर थबकतो. नेमक्या त्याच वेळीं इंजिनाच्या वरच्या बाजूस ठेविलेली दारूची चिमूट पेटून टोक बाहेर ढकललें जावें आणि पॅराशूट, म्हणजे हवाई छत्री, बाहेर पडावी, अशी योजना असते. ती दोन सेकंद उशिरा झाली, तर तोंवर अग्निबाण खालीं वळून सेकंदास वीस मीटरच्या वेगानें पडूं लागलेला असतो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. छत्रीनें सेकंदास पांच मीटरच्या वेगानें उतरावयाचें, तर चौपट वेगांत ती उघडली असतां हिसका सोळापट बसतो. दोरा तुटतो, छत्री फाटते, किंवा ताणलेला दोरा पुठ्ठ्याची नळी उभी चिरीत जातो. यावर उपाय दोन. दारू पेटण्यास लागणारा विलंब अचूक निवडणें, हा एक. आणि टोक व नळी यांना जोडणारा दोरा लांब व लवचिक ठेवणें, हा दुसरा. लांब दोरा हाही थांबण्याचें अंतर वाढविण्याचाच प्रकार आहे. शिवाय त्या दारूची धग छत्रीला लागूं नये म्हणून मध्यें न जळणाऱ्या कागदाचे बोळे ठेवतात. एक बोळा कमी पडला तर छत्रीचें प्लास्टिक वितळून चिकटतें, आणि मग ती उघडतच नाहीं.

तिसरें संकट जमिनीवर पोंचतांना. आठशें फुटांवरून, हवेचा अडथळा नसता तर, वस्तु ताशीं अडीचशें किलोमीटरच्या सुमाराच्या वेगानें येऊन आदळली असती. छत्री हा वेग सेकंदास पांच मीटरवर आणून ठेवते. पांच मीटर म्हणजे किती? सव्वा मीटर उंचीच्या कपाटावरून वस्तु पडली तर तिला जो वेग येतो, तितका. म्हणजे छत्री आठशें फुटांचे जवळ जवळ चार फूट करते. मुंबईकरांनीं हा चमत्कार फार पूर्वीं पाहिलेला आहे. १८८९ सालीं पर्सिव्हल स्पेन्सर नांवाचा इंग्रज याच शहरीं बलूनांतून वर गेला आणि छत्रीला लोंबकळत खालीं उतरला. तेव्हां लोक वर पाहत होते तें त्याच्या धाडसाकडे. पण त्याचे प्राण तारले ते कापडाच्या क्षेत्रफळानें.

हें क्षेत्रफळ अंदाजानें ठरवून भागत नाहीं. अग्निबाणाचें उतरतेवेळचें वजन तीनशें ग्रॅम असेल आणि वेग सेकंदास पांच मीटर हवा असेल, तर छत्रीचा व्यास सुमारें छपन्न सेंटिमीटर लागतो. एखाद्याला वाटेल कीं मग दुप्पट मोठी छत्री घ्यावी, अंडें अधिकच हळू येईल. येथेंच नियमांची खुबी आहे. अडीचशें मीटर उंचीवरून सेकंदास पांच मीटर वेगानें उतरावयास पन्नास सेकंद लागतात. तेवढ्यांत सेकंदास चार मीटरचा साधा वारा त्याला दोनशें मीटर दूर नेतो. छत्रीचा व्यास दुप्पट केला तर वेग निम्मा होतो, वेळ दुप्पट होते, आणि अग्निबाण चारशें मीटर दूर कोठल्या तरी झाडावर किंवा तळ्यांत जाऊन बसतो. अति जपल्यानें वस्तु हरवते आणि कमी जपल्यानें फुटते. योग्य तें जपणें हें मोजमापानेंच ठरतें, भीतीनें नव्हे. उरलेला वेग सोसण्याचें काम अंड्याभोंवतालच्या फोमचें. तो अडीच सेंटिमीटर दबला तरी जोर पन्नासपटींवर येतो, आणि तो भार सर्व अंगावर पसरला तर कवच टिकतें.

अंडें बांधतांना नवशिके दोन चुका करतात. कोणी तें इतकें घट्ट आवळतात कीं फोमला दबावयास जागाच उरत नाहीं. मग तो फोम नसून दगडच होतो. कोणी तें इतकें सैल ठेवतात कीं आंतल्या आंत अंडें भिंतीवर आपटत राहतें आणि एका धक्क्याचे चार होतात. बसवून झाल्यावर डबी कानाशीं धरून हळूच हलवावी. आवाज आला तर पुन्हां बांधावें. तसेंच अंडें बसविण्यापूर्वीं तें दिव्यासमोर धरून निरखावें. कारण दुकानांतून येतांनाच पडलेली सूक्ष्म चीर साध्या डोळ्यांस दिसत नाहीं, आणि तशा अंड्याला कोणतीही छत्री वांचवूं शकत नाहीं.

हा खेळ भायखळ्यासारख्या गजबजलेल्या वस्तींत खेळावयाचा नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्याला मोकळें मैदान, शांत वारा, जाणता मार्गदर्शक आणि सरकारी परवानगी लागते. स्फोटक पदार्थांचा आणि विमानमार्गांचा कायदा येथें लागू होतो. घरीं दारू कालवून इंजिन बनविण्याचा विचारही कोणा मुलानें मनांत आणूं नये. त्या नादांत बोटें आणि डोळे गेल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. परंतु या विद्येचा निम्मा भाग, म्हणजे उतरण्याचा भाग, घरच्या घरीं शिकतां येतो. सुटीच्या दिवशीं चाळीच्या चौकांत कोणी माणूस नाहीं असें पाहून, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीं, जुन्या चादरीच्या कापडाची छत्री, फोमचे तुकडे आणि एक अंडें एवढ्यावर उत्तम प्रयोग होतो. अंडें प्लास्टिकच्या पिशवींत बांधलें म्हणजे चौक धुवावा लागत नाहीं. प्रत्येक वेळीं एकच गोष्ट बदलावी, वेळ मोजावी, आणि निकाल वहींत लिहावा. फुटलेल्या अंड्याचीही नोंद करावी. किंबहुना तीच अधिक काळजीपूर्वक करावी.

हातानें करून शिकण्याची ही वाट भायखळ्याला परकी नाहीं. १८८७ सालीं स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, जिला आज वीरमाता जिजाबाईंचें नांव आहे, ती आरंभीं याच भायखळ्यांत होती. १९२३ सालीं ती माटुंग्यास गेली. साबू सिद्दीक अभियांत्रिकी महाविद्यालय आजही येथेंच आहे. गिरण्यांच्या यंत्रांपासून आजच्या उपकरणांपर्यंत या भागांतील पिढ्यांनीं जें शिकलें, त्याचा मोठा हिस्सा फळ्यावरून नव्हे तर हातांतून आलेला आहे.

एवढ्या खटाटोपानें एक अंडें वांचलें तर काय मोठें झालें, असें कोणी म्हणेल. त्यास गिरणगांवांतीलच एक दाखला देतां येईल. लालबाग, परळ, दादर येथें दहीहंडीच्या दिवशीं थरांवर थर चढतात, आणि सर्वांत वरच्या थरावर चढतो तो अंगानें सर्वांत हलका, म्हणजे बहुधा वयानें सर्वांत लहान. बक्षिसाचा आंकडा जसजसा वाढला तसतसे थर वाढले. कितव्या थरापर्यंत पोंचले, याची चर्चा गल्लोगल्लीं होते. सगळे सुखरूप उतरले कीं नाहीं, हें दुसऱ्या दिवशीं रुग्णालयांतून कळतें. शेवटीं हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें उंचीला आणि वयाला मर्यादा घातली. पुढें वाद होत होत २०१७ सालीं उंचीची मर्यादा उठली, पण चौदा वर्षांखालील मुलांना थरांत घ्यावयाचें नाहीं, ही अट राहिली. सणाचा आनंद कोणालाही नकोसा नाहीं. परंतु ज्याला सर्वांत वर ठेवावयाचें त्याच्या उतरण्याचा विचार चढण्यापूर्वीं झाला पाहिजे, हें अंड्याच्या स्पर्धेंतील शाळकरी मुलांना कळतें. तें मोठ्यांना कळण्यास न्यायालय लागलें.

आणि जेथें अग्निबाण खरोखरीचा असतो, तेथें तर हा विचार प्राणांशींच गांठ घालतो. १६ जानेवारी २००३ रोजीं कोलंबिया यान आकाशांत गेलें. चढतांना बाहेरच्या टाकीवरील फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान सोळा दिवस आपलें काम बिनबोभाट करीत राहिलें. १ फेब्रुवारी रोजीं परततांना, उतरावयास अवघीं सोळा मिनिटें उरलीं असतां, त्या भेगेंतून तप्त वायु आंत शिरले आणि यान विदीर्ण झालें. आपल्या कर्नालची कल्पना चावला आणि तिचे सहा सोबती त्यांत गेले. चढतांना पडलेली चीर उतरतांना प्राण घेऊन गेली. दिव्यासमोर अंडें धरून निरखण्याचा नियम किती गंभीर आहे, हें याहून अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

भारतानें ही परत येण्याची विद्या धिमेपणानें आत्मसात केली आहे. १० जानेवारी २००७ रोजीं इस्रोनें साडेपांचशें किलो वजनाची एक कुपी अंतराळांत पाठविली आणि २२ जानेवारीस ती बंगालच्या उपसागरांत छत्रीच्या आधारें अलगद उतरवून घेतली. गगनयानांतून माणूस पाठवावयाचा, म्हणून २४ ऑगस्ट २०२५ रोजीं सुमारें पांच टन वजनाची नमुन्याची कुपी हेलिकॉप्टरमधून तीन किलोमीटर उंचीवरून सोडून छत्र्यांची परीक्षा घेण्यांत आली. या योजनेंत एकंदर दहा छत्र्या आहेत. आधीं लहान, मग मध्यम, आणि शेवटीं तीन मोठ्या, अशा क्रमानें त्या उघडतात, म्हणजे कोणताही हिसका एकदम बसूं नये. तीन मोठ्यांपैकीं एक उघडली नाहीं तरी उरलेल्या दोन पुरतात. दामोदरच्या कांठीं कोंबडीसाठीं जो प्रश्न उभा राहिला होता, तोच प्रश्न येथें आला आहे. फक्त माथ्यावर बसणाऱ्याला आतां नांव आहे, घर आहे, आणि घरीं वाट पाहणारें माणूस आहे.

म्हणून अंड्याचा हा खेळ ज्या मुलांच्या हातीं पडेल त्यांचें शिक्षण केवळ गणिताचें किंवा यंत्रांचें होत नाहीं. दुसऱ्याची नाजूक वस्तु आपल्या हातीं आली कीं तिच्यासाठीं आधीं काय काय करून ठेवावें लागतें, याचें तें शिक्षण आहे. अग्निबाण उडतो तेव्हां टाळ्या वाजतात. पण खरी स्पर्धा संपते ती त्यानंतर, मैदानाच्या टोकाशीं, जेव्हां परीक्षक ती डबी उघडतो, फोम बाजूला करतो आणि अंडें तळहातावर घेऊन चहूंबाजूंनीं फिरवून पाहतो. त्या वेळीं कोणी बोलत नाहीं.

उद्यां सकाळीं भायखळ्याच्या पुलावर तो सायकलवाला दिसला, तर त्याच्याकडे जरा आदरानें पाहावें, आणि शक्य झाल्यास त्याला वाट द्यावी.